पोटातली दुर्बीण अणुभट्टीत कशी पोहोचली? : एंडोस्कोपच्या रूपांतराचा इतिहास

घरात कोणाची एंडोस्कोपी झाली की आपण 'पोटात दुर्बीण घालून पाहिले' असे म्हणतो. दुर्बीण हे खरे तर दूरचे पाहण्याचे साधन. पोटातल्या दुर्बिणीची गोष्ट वेगळी आहे. पाहायची वस्तू दूर नसते, हातभर अंतरावरच असते. पण मध्ये भिंत असते आणि ती फोडता येत नाही. ही भिंत माणसाच्या शरीराची असू शकते, टर्बाइनच्या पोलादाची असू शकते, बोगद्यात कोसळलेल्या ढिगाऱ्याची किंवा अणुभट्टीच्या संरक्षक पात्राचीही असू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, डॉक्टरांसाठी तयार झालेले हे साधन माणसाला जाता येणार नाही अशा ठिकाणी कसे पोहोचले, हे या टिपणात आपण पाहणार आहोत. तुम्ही कोणत्याही शाखेचे असा, बारावीपर्यंतचे प्रकाशशास्त्र येथे पुरेसे आहे. वाचताना एक प्रश्न सतत मनात ठेवा : साधनाचा कोणता भाग आत पाठवायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा? एंडोस्कोपच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे अनेकदा बदलली आहेत. प्रश्न मात्र तोच राहिला आहे.

१. पहिली कठीण जागा : मानवी शरीर

'कठीण परिस्थिती' म्हटले की आपल्याला भट्टी, समुद्राचा तळ किंवा अवकाश आठवते. अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर शरीराची पोकळीही काही सोपी नाही. आत पूर्ण अंधार आहे. ओलावा आहे. जठरात आम्ल आहे. वाट अरुंद आणि वळणाची आहे. शिवाय ती जागा जिवंत आहे, म्हणजे साधन आत जाताना आणि बाहेर येताना तिला इजा होता कामा नये.

जर्मन डॉक्टर फिलिप बोझिनी यांनी १८०६ मध्ये 'लिख्टलायटर' म्हणजे प्रकाशवाहक नावाचे उपकरण लोकांपुढे आणले. धातूच्या एका उभट डब्यात मेणबत्ती, तिच्यामागे आरसा आणि पुढे शरीराच्या छिद्रात घालायची नळी, एवढीच त्याची रचना. प्रकाश नळीतून आत जाई आणि त्याच नळीतून डॉक्टर पाहत. प्रकाशाचा स्रोतही बाहेर आणि डोळाही बाहेर. आत जाई ती फक्त पोकळ नळी. हे अतिशय सुरक्षित होते, पण दिसत असे फार थोडे.

१८६८ मध्ये आडोल्फ कुसमाउल यांनी सरळ, ताठ नळीतून जठरापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी त्यांना तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाची मदत घ्यावी लागली, कारण घसा आणि अन्ननलिका एका रेषेत आणण्याची सवय त्यालाच होती. नळी कशीबशी गेली, पण एवढ्या खोलवर प्रकाश पुरेना.

माक्स निट्झे यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस उलट मार्ग धरला. त्यांनी प्रकाशाचा स्रोतच आत नेला. मूत्राशय पाहण्याच्या त्यांच्या उपकरणाच्या टोकावर प्लॅटिनमची तार विजेने तापवून उजळली जाई. प्रकाश वस्तूजवळ आल्यामुळे चित्र एकदम स्पष्ट झाले. नळीत भिंगे बसवल्याने दृश्यही रुंद झाले. मात्र नवी अडचण उभी राहिली, ती उष्णतेची. तापलेली तार मूत्राशयात कशी ठेवायची? म्हणून तारेभोवती थंड पाणी खेळवावे लागले. पुढे विजेचे चिमुकले दिवे आले आणि ही पाण्याची व्यवस्था गेली. पण टोकाभोवती पाणी खेळवण्याची ही कल्पना लक्षात ठेवा. ती पुढे वेगळ्या ठिकाणी पुन्हा भेटणार आहे.

२. डॉक्टरांकडून टर्बाइनकडे

१९२१ मध्ये अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीपुढे एक प्रश्न होता. वाफेच्या टर्बाइनचे रोटर म्हणजे पोलादाचे मोठे घडीव दंड. त्यांच्या मध्यातून आरपार भोक पाडलेले असे. रोटर वेगाने फिरताना त्या भोकाच्या पृष्ठभागावर ताण सर्वांत जास्त येतो, म्हणून तेथली बारीक चीरही धोक्याची. पण लांबच लांब भोकाच्या आतला पृष्ठभाग पाहायचा कसा?

हे काम फिलाडेल्फियाचे जॉर्ज क्रॅम्प्टन यांच्याकडे आले. क्रॅम्प्टन अभियंता नव्हते, डोळ्यांचे डॉक्टर होते. शरीराच्या पोकळीत पाहण्याची भिंगे आणि नळ्या त्यांना माहीत होत्या. तेच तत्त्व वापरून त्यांनी रोटरच्या भोकात घालायचे साधन तयार केले. भोकाला इंग्रजीत 'बोअर' म्हणतात. त्यावरून अशा साधनाला 'बोअरस्कोप' हे नाव रूढ झाले.

या बदलात काय टिकले आणि काय बदलले, ते पाहा. भिंगांची रांग आणि टोकावरचा दिवा टिकला. रुग्ण नसल्यामुळे नळी लांब, जड आणि ताठ असली तरी चालू लागले. पण लांबी वाढली की दोन गोष्टी होतात. नळी स्वतःच्या वजनाने मध्ये झुकते, त्यामुळे भिंगे एका रेषेत राहत नाहीत. आणि प्रत्येक भिंगाच्या पृष्ठभागावर थोडा प्रकाश वाया जातो, म्हणून दहा-बारा भिंगांनंतर चित्र मंद होते. दवाखान्यात या अडचणी फारशा जाणवत नव्हत्या. कारखान्यात त्या मुख्य झाल्या. रूपांतर म्हणजे जुने साधन जसेच्या तसे नव्या जागी नेणे नव्हे. नवी जागा जुन्या साधनाच्या दडलेल्या मर्यादा उघड्या करते.

३. वळणावरून जाणारा प्रकाश

ताठ नळी वळणावर अडते. १९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी उपकरण बनवणारे गेऑर्ग वोल्फ यांच्याबरोबर अर्धलवचीक गॅस्ट्रोस्कोप तयार केला. त्यात जवळजवळ बसवलेल्या अनेक लहान भिंगांमुळे नळी थोडी वाकली तरी चित्र तुटत नसे. पण ती थोडीच वाकत असे.

खरी सुटका काचेच्या तंतूने केली. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ धरला तर काच आणि हवा यांच्या सीमेवर क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश येतो. त्याहून मोठ्या कोनाने सीमेवर पडणारा प्रकाश बाहेर न जाता पूर्णपणे आत परावर्तित होतो. तंतू वाकला तरी प्रकाश परावर्तित होत होत त्याच्याबरोबर वळतो. असे हजारो तंतू एकत्र बांधले आणि दोन्ही टोकांना त्यांचा क्रम सारखाच ठेवला, तर प्रत्येक तंतू चित्राचा एक ठिपका वाहून नेतो.

२ जानेवारी १९५४ च्या 'नेचर' नियतकालिकात हॅरल्ड हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी यांनी असा तंतूंचा जुडगा वापरून चित्र नेता येते, हे दाखवले. कपानी यांचा जन्म पंजाबातील मोगा येथला. आग्रा येथे शिकून ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात संशोधनासाठी गेले होते. त्याच अंकात हॉलंडचे व्हान हील यांनी तंतूवर कमी अपवर्तनांकाचे आवरण देण्याची कल्पना मांडली. ही कल्पना महत्त्वाची का? उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश एकातून दुसऱ्यात झिरपतो. धूळ किंवा बोटाचा तेलकट डागही प्रकाश गळायला पुरतो. आवरण असेल तर परावर्तनाची सीमा आत सुरक्षित राहते.

१९५६ च्या अखेरीस मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने काचेची कांडी कमी अपवर्तनांकाच्या काचेच्या नळीत घालून दोन्ही एकत्र ताणले आणि काचेचेच आवरण असलेला तंतू मिळवला. त्याच तंतूंच्या गॅस्ट्रोस्कोपने १९५७ मध्ये बॅसिल हिर्शोविट्झ यांनी आधी स्वतःवर आणि मग रुग्णावर तपासणी केली.

आता आपल्या प्रश्नाकडे वळा. तंतूंमुळे दिवा पुन्हा बाहेर आला, त्यामुळे आत उष्णता नाही. डोळाही बाहेर. आत फक्त काच. बोझिनी यांची मूळ मांडणी दीडशे वर्षांनी परत आली, पण आता ती वळू शकत होती.

४. कॅमेरा टोकावर गेला

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणारी चिप शोधली. १९८३ मध्ये वेल्च ॲलिन कंपनीने एंडोस्कोपच्या टोकावर अशी चिप बसवली. चित्र आता काचेतून नव्हे, तर तारेतून बाहेर येऊ लागले. तंतू तुटून चित्रात पडणारे काळे ठिपके गेले, लांबीमुळे येणारा मंदपणा गेला, आणि एकाच वेळी अनेकांना पडद्यावर पाहता येऊ लागले.

पण या वेळी सर्वांत नाजूक भाग, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डोळाच, आत गेला. शरीराच्या ३७ अंश तापमानात याने काही बिघडत नाही. इतर ठिकाणी मात्र हाच भाग आधी मरतो.

५. कठीण परिस्थितीचे प्रकार

वर्गात मी 'एंडोस्कोप कठीण जागेसाठी कसा तयार कराल?' असे विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा 'तो मजबूत करू' असे उत्तर येते. मजबूत म्हणजे कशाविरुद्ध? प्रत्येक जागा साधनावर वेगळ्या प्रकारे हल्ला करते.

उष्णता : औद्योगिक व्हिडिओ बोअरस्कोपचे टोक साधारणपणे ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत काम करते. त्यामुळे विमानाच्या जेट इंजिनाची पाती पाहण्यापूर्वी इंजिन निवू द्यावे लागते. काचेच्या कारखान्यातील भट्टीसारखी जागा थांबवता येत नाही. तेथे कॅमेऱ्याच्या नळीभोवती पाणी खेळवतात आणि भिंगासमोर सतत हवेचा झोत सोडतात. निट्झे यांची पाण्याची युक्ती येथे पुन्हा दिसते, पण उलट्या दिशेने. तेथे पाणी उपकरणापासून शरीराचे रक्षण करत होते. येथे ते जागेपासून उपकरणाचे रक्षण करते.

पाणी, धूळ आणि चिखल : येथे साधन मरत नाही, आंधळे होते. भिंगावर एक थेंब बसला तरी चित्र जाते. डॉक्टरांच्या एंडोस्कोपमध्ये भिंग धुण्यासाठी पाण्याची आणि हवेची बारीक वाट असते; तीच सोय बाहेरही लागते.

किरणोत्सार : गॅमा किरणांमुळे साध्या काचेत इलेक्ट्रॉन अडकून पडतात आणि काच तपकिरी होत जाते. काचेत सेरियम मिसळले तर हे बरेच टळते. तंतूंसाठी शुद्ध सिलिकाचा गाभा अधिक टिकाऊ ठरतो. चिपवर किरण आदळले की चित्रात पांढरे ठिपके चमकतात, आणि एकूण मात्रा वाढत गेली की शेवटी चिप निकामी होते. म्हणजे इथे साधनाचे आयुष्य कामाच्या तासांत मोजावे लागते.

६. थ्री माइल आयलंड : तीन वर्षांनी दिसलेले सत्य

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड येथील दुसऱ्या अणुभट्टीत अपघात झाला. गाभ्याचे नुकसान झाले हे कळले होते. पण किती? त्याबद्दल अंदाज होते, कारण आत कोणी पाहिले नव्हते.

२१ जुलै १९८२ रोजी नियंत्रक दांड्याच्या यंत्रणेच्या अरुंद वाटेतून एक लहान दूरचित्रवाणी कॅमेरा गाभ्यात सोडण्यात आला. जेथे इंधनाच्या दांड्या उभ्या असायला हव्या होत्या, तेथे सुमारे दीड मीटर पोकळी दिसली आणि खाली तुटक्या तुकड्यांचा ढीग. १९८५ मध्ये कॅमेरा पात्राच्या तळापर्यंत गेला, तेव्हा वितळून खाली वाहून आलेले इंधनही सापडले. आधीचे कितीतरी अंदाज सौम्य होते. साधन तसे साधे होते. त्याने उघड केलेली गोष्ट साधी नव्हती.

७. फुकुशिमा : ६० सेंटिमीटर पाणी

११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानच्या फुकुशिमा दाइइची केंद्रातील तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले. १६ डिसेंबर २०११ रोजी जपान सरकारने अणुभट्ट्या 'थंड बंद स्थितीत' पोहोचल्याचे जाहीर केले. ही घोषणा मुख्यतः तापमापकांच्या नोंदींवर उभी होती. हे तापमापक अपघातातून गेलेले होते. आत अजून कोणी पाहिलेले नव्हते.

१९ जानेवारी २०१२ रोजी दुसऱ्या अणुभट्टीच्या संरक्षक पात्रात औद्योगिक एंडोस्कोप घालण्यात आला. पात्राच्या भिंतीतून जाणाऱ्या एका जुन्या वाटेला भोक पाडले गेले. हायड्रोजनचा स्फोट होऊ नये म्हणून आत नायट्रोजन भरलेला होता. तो निसटू न देता साधन आत सरकवायचे होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात आणि झडप असलेल्या नळीतून उपकरणे आत घालतात, त्याची ही आठवण करून देणारी रचना.

चित्रांत वाफ होती, पावसासारखे पडणारे थेंब होते आणि किरणोत्साराचे ठिपके होते. साधनासोबत नेलेल्या तापमापकाने सुमारे ४५ अंश दाखवले, म्हणजे जुने तापमापक फारसे चुकत नव्हते. पण जेथे पाणी दिसेल असे वाटले होते, तेथे ते दिसले नाही. २६ मार्च रोजी अधिक लांब एंडोस्कोप घातला. पाणी तळापासून फक्त ६० सेंटिमीटर होते, तर अपेक्षा काही मीटरांची होती. आत सोडलेले पाणी कोठेतरी गळून जात होते. दुसऱ्या दिवशी मोजलेल्या किरणोत्साराचा दर ताशी ७२.९ सिव्हर्टपर्यंत गेला. माणसाला काही मिनिटांत प्राणघातक मात्रा मिळेल, इतका हा दर आहे.

येथे थांबून विचार करा. एका तपासणीने एक समजूत पक्की केली आणि दुसरी मोडली. गाभा थंड आहे हे बरोबर निघाले. पात्रात पुरेसे पाणी आहे हे चूक निघाले. दोन्ही गोष्टी 'सगळे ठीक आहे' या एकाच वाक्यात झाकल्या गेल्या होत्या.

साधनाची लढाई अजून संपलेली नाही. २०२४ मध्ये याच दुसऱ्या अणुभट्टीतून वितळलेल्या इंधनाचा कण बाहेर काढण्यासाठी लांब होत जाणारी दांडी आत घातली गेली. सप्टेंबरमध्ये टोकावरच्या दोन कॅमेऱ्यांची चित्रे येईनाशी झाली आणि काम थांबले. तीव्र किरणोत्साराचा परिणाम हे कारण मानले गेले. कॅमेरे बदलल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक ग्रॅमहून कमी वजनाचा नमुना बाहेर आला.

८. सिल्क्यारा : भिंतीपलीकडे माणसे

आता आपल्या देशात या. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीच्या पहाटे, उत्तराखंडमधील उत्तरकाशी जिल्ह्यात सिल्क्यारा-बारकोट बोगद्याचा भाग कोसळला आणि ४१ कामगार आत अडकले. मध्ये पन्नास मीटरांहून जास्त ढिगारा होता. सुरुवातीला चार इंची पाइपातून प्राणवायू आणि सुका खाऊ पोहोचत होता. २० नोव्हेंबरला सहा इंची पाइप ढिगाऱ्यातून पार गेला. त्यातून प्रथमच गरम खिचडी गेली आणि त्याच पाइपातून एंडोस्कोपिक कॅमेरा गेला. २१ नोव्हेंबरच्या पहाटे, म्हणजे दहाव्या दिवशी, बाहेरच्यांना आतल्यांचे चेहरे दिसले. २८ नोव्हेंबरला सर्व ४१ जण सुखरूप बाहेर आले.

तांत्रिकदृष्ट्या हे काम फुकुशिमापेक्षा सोपे होते. ना किरणोत्सार, ना भट्टीची उष्णता. पण या इतिहासात ते वेगळे उभे राहते. रोटरपासून अणुभट्टीपर्यंत अभियंते साधनाला जागेपासून वाचवत होते. सिल्क्यारात पलीकडे पुन्हा माणूस होता. पाइप सरकवताना वरचा ढिगारा हलू नये, याची काळजी डॉक्टरांच्या काळजीसारखीच होती. कॅमेऱ्याने कोणाचीही सुटका केली नाही. ती पाइपाने, यंत्रांनी आणि शेवटी हातांनी खोदणाऱ्या कामगारांनी केली. पण आत किती जण आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, हे आता ऐकीव राहिले नव्हते. घरच्यांसाठी आणि बचाव पथकासाठी या फरकाला मोल होते.

९. चित्रावर किती विश्वास ठेवायचा?

एंडोस्कोप एका छोट्या भोकातून एक अरुंद शंकू दाखवतो. त्या शंकूबाहेर काय आहे, हे तो सांगत नाही. चित्रात शेजारी मोजपट्टी नसेल तर चीर एक मिलिमीटरची की एक सेंटिमीटरची, हेही कळत नाही. म्हणून फुकुशिमात कॅमेऱ्याबरोबर तापमापक आणि मात्रामापकही पाठवले गेले. 'दिसले नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. जानेवारीत पाणी दिसले नाही, मार्चमध्ये ते खाली सापडले.

स्वाध्याय

१. गाभ्याचा अपवर्तनांक १.६२ आणि आवरणाचा १.५२ असल्यास क्रांतिक कोन काढा. काच-हवा सीमेच्या कोनाशी तुलना करून आवरणामुळे काय मिळाले आणि काय गमावले ते लिहा.

२. एखादा कॅमेरा एकूण १००० ग्रे मात्रेपर्यंत टिकतो असे समजा. गॅमा किरणांसाठी एक ग्रे म्हणजे अंदाजे एक सिव्हर्ट धरून, ताशी ७२.९ सिव्हर्टच्या जागेत तो किती तास काम करेल? त्या वेळेत पाहणीचा क्रम कसा लावाल?

३. सहा इंची, ५५ मीटर लांब पाइपातून कॅमेरा पलीकडे न्यायचा आहे. प्रकाश, चित्र, वीज आणि ढकलण्याची व्यवस्था यांपैकी काय आत ठेवाल, काय बाहेर? प्रत्येक निवडीचे कारण द्या.

४. डिसेंबर २०११ मध्ये तुम्ही जपान सरकारचे तांत्रिक सल्लागार आहात असे समजा. हाती फक्त तापमानाच्या नोंदी आहेत. घोषणेतले कोणते वाक्य तुम्ही ठेवले असते आणि कोणते थांबवून धरले असते?